सुईची भीती

हौसाच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल वण आहेत.

सड्याच्या कातळावर तेरडा फुललाय. गौर आणायच्या वाटेवर पाऊल ठेवायला जागा नाही.

समोरच्या घरात यंदा भाताची लावणी ईशाने एकटीने काढली. तिच्या आईचं इरलं पडवीच्या कोपऱ्यात उलटं पडलंय. त्यात कोंबडी अंडी घालते आणि ईशा ती उचलत नाही.

दर्शना आपला चहा आपण करते. थोरल्या जावेच्या हातचा पीत नाही.

देवासमोर गाऱ्हाणं घालताना घरातला म्हातारा बोलतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. न म्हणणारं माणूस वाडीत कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

*

या सगळ्याला एका खोट्या बोलण्याने गाठ मारलेली होती, आणि ते बोलणं हौसाचं होतं.

गौरीच्या दिवशी सकाळीच तिने चुलीवरून दोन कप भरले, एक दर्शनाच्या बाजूला सरकवला… रोज सरकवायची तसाच. दर्शनाने आशाताईची पिशवी खांद्याला अडकवली आणि भिंतीकडे बघत सांगितलं, की उद्या शाळेत लशीचा कॅम्प आहे, मी आज पुन्हा घरोघर जाणार आणि पुन्हा तेच ऐकून येणार. मग ती गेली. कपातल्या चहावर साय धरली.

ती काय ऐकून येणार, हे हौसाला पाठ होतं. पावसाच्या तोंडावर जिल्ह्यात करोनाचा तो नवा अवतार सापडला, टीव्हीवर रत्नागिरीचं नाव आलं, तेव्हापासून वाडीत भीतीला तोटा नव्हता. पण ती भीती लशीकडे न जाता लशीपासून पळत होती. कुणी म्हणे, जुन्या रोगाची लस नव्या रोगाला काय करणार? कुणी म्हणे, दोन दिवस ताप येतो, कापणी तोंडावर असताना कोण अंथरूण धरणार? दर्शना उंबऱ्यावर उभी राहून सांगायची, की होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण झाला तर ऑक्सिजनची पाळी बहुतेकांवर येत नाही. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि निघताना म्हणायचे, आधी तुझ्या जावेला टोचून आण.

कारण हौसाकाकी घेत नाही, ती काय उगाच? वाडीतलं एक पोर असं नव्हतं, ज्याला जन्मल्यावर हौसाने पायावर घेऊन न्हाऊ घातलं नव्हतं. बाळंतिणीला काय चालतं, काय बाधतं, हे तिला विचारायचं. तिच्या बोटांना जे कळतं ते डॉक्टरला उशिरा कळतं, असं लोक म्हणायचे… आणि ते ऐकून आता हौसाला अंगाची कातडी सोलून ठेवावीशी वाटायची, इतकी लाज!

*

मे महिन्यातली ती सकाळ.

हौसा पहाटेच उपकेंद्रावर जाऊन उभी राहिली होती. डोस थोडे, माणसं फार. नंबराचा कागद मिळाला तो जवळजवळ शेवटचा. मागे समोरच्या घरातली आनंदी, ईशाची आई, होती, तिच्या मागे वाडीतल्या चार-पाच बायका. ऊन चढल्यावर विनोद आला. तिचा धाकटा दीर, दर्शनाचा नवरा. हौसा या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो शेंबडा पोर होता, सासू नव्हती. तिनेच त्याला भरवलं, शाळेत घातलं. नवरा हरिश्चंद्र लवकर गेला, पोटी काही नाही… जे काही आई होणं तिच्या वाट्याला आलं, ते विनोदपुरतं. तो मुंबईत एका सोसायटीत वॉचमन. शिमग्याला आला तो लॉकडाऊनमध्ये इथेच अडकला. आता सोसायटीने कळवलं होतं, की डोस घेऊन या, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

नंबर संपले होते. विनोदचा चेहरा उतरला. शेचाळीस वर्षांचा बाप्या, सगळ्या बायकांसमोर, रडायच्या बेतात…

हौसाने आपला कागद त्याच्या हातात कोंबला. रांग बघत होती. वहिनीची पाळी खाणारा म्हणून उद्या वाडी त्याला हिणवणार, हे तिला दिसलं, आणि त्या एका क्षणात ती मोठ्याने बोलून गेली, की मला नकोच होती ती सुई. माझ्या माहेरी, मंडणगडाकडे, एक चांगला चालता-बोलता माणूस सुई घेतल्यावर उठलाच नाही. मी भ्याले बाई.

असा कुणी माणूस नव्हता.

“हौसा घेत न्हाय, तर मी कशाला घेऊ?” मागून आनंदी म्हणाली. नंबराचा कागद चुरगळून तिने पदर खोचला आणि घरची वाट धरली. बाकीच्या बायकाही एकेक करून निघाल्या.

हौसाला तिथेच हाक मारता आली असती. पण विनोद अजून आत होता. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. मग पेरणी आली. मग आनंदीला ताप आला. आणि एकदा ताप आल्यावर सांगून काय उपयोग, असं तिने मनाशी म्हटलं. हातखंब्यावरून गाडी बोलावून आनंदीला रत्नागिरीला नेली, त्यानंतर तिचं तोंड कुणी पाहिलं नाही. मग ते सांगणं इतकं मोठं झालं, की तोंडातून बाहेर येईना!

*

संध्याकाळी आरत्या घरोघर फिरत त्यांच्या घरी आल्या. पडवी भरली होती, मास्क हनुवटीवर उतरले होते. विनोद गणपतीला मुंबईहून आला होता, दोन्ही डोस घेऊन, अंगात नवा शर्ट. दुपारपासून त्याची एकच गंमत चालली होती, की आमची वयनी साप दिसला तर शेपटीला धरून भिरकावील, पण सुई बघितली की पळाली. लोक हसायचे. हौसाही हसायची. ईशा पायरीवर टाळ घेऊन उभी होती. ती हसत नव्हती.

आरती संपली. आप्पांनी, हौसाच्या सासऱ्यांनी, हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा गणराया, जशी जमली तशी सेवा केली हाय, ती गोड मानून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“लेकराबाळांची, गुरावासरांची राखण कर. मुंबैत असतील त्यांच्या नोकरीधंद्याला यश दे.”

“व्हय म्हाराजा.”

“आनि आमच्या हौसाच्या मनात त्या सुईची भीती बसली हाय, ती काढून टाक.”

“व्हय म्हाराजा,” पडवी म्हणाली, थोडी हसत. विनोदचा आवाज सगळ्यात मोठा.

हौसाचे ओठ मिटलेले राहिले. आप्पांना कमी ऐकू यायचं, ते तोंडं बघून समजायचे. त्यांची नजर सुनेवर थांबली. गाऱ्हाणं अर्धं राहू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. समोर समया, पाटावरची गौर, तेरड्याची जांभळी फुलं… या मूर्तीसमोर ‘हो’ म्हणायचं? नसलेली भीती काढून टाक म्हणून देवाला साकडं घालायचं? माणसांशी खोटं बोलून झालं होतं. आता देवालाही त्यात ओढायचं?

“आप्पा, तो गाऱ्हाना घालू नका,” हौसा म्हणाली. “मला सुईची भीती न्हाय.”

टाळांची किणकिण थांबली.

“कधीच नव्हती. रांगेत मी खोटा बोलले. विनूला नंबर द्यायचा होता, आनि त्याला कोन हसू नये म्हणून बोलले. माझ्या माहेरी कोन मेला न्हाय.”

पायरीवरून ईशा एक पाऊल वर आली.

“मग आईला का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

“तिला ताप आला तेव्हा?”

“तेव्हा जास्त वाटली.”

ईशाने टाळ जमिनीवर ठेवले, आवाज न करता, जसे देवापुढचे ठेवतात तसे. आणि ती अंगण ओलांडून गेली. तिच्या मागे जायची कुणाची छाती झाली नाही.

विनोद खाली बघत होता. नव्या शर्टाची कॉलर त्याने मुठीत धरली होती.

“मला म्हायत होता, वयनी,” तो म्हणाला. “भ्यालेला मानूस पहाटेपासून रांगेत उभा ऱ्हातो काय? मला तवाच कळला. पन कागद हातात होता… मी विचारलाच न्हाय. तुझी टिंगल करत ऱ्हायलो, मलाच खरा वाटावा म्हणून.”

तो रडायला लागला. हौसाचा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे निघाला… आणि मधेच थांबला. आता त्याला जवळ घेतलं, तर त्याची लाज पुन्हा आपण आपल्या अंगावर ओढून घेऊ, आणि त्या ओढून घेण्यानेच तर समोरच्या घरातली आई गेली! तिने हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला रडू दिलं.

आप्पांना काय ऐकू गेलं कोण जाणे. त्यांनी गाऱ्हाणं शेवटाला नेलं, “चुकलामाकला पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा,” हौसा म्हणाली. त्या वेळी ते म्हणणारी ती एकटीच होती.

*

सकाळी ती उठली तेव्हा दर्शना चुलीशी होती. तिने दोन कप भरले होते.

“प्या, अक्का. उपाशीपोटी टोचून घेऊ नये.” आणि थोडं थांबून, निखारे सारखे करत, “दारोदार मला काय काय ऐकावं लागलं, ते तुम्हाला माहीत होतं.”

“होता,” हौसा म्हणाली.

“मी अजून रागावलेय.”

“ऱ्हा रागावून.”

चहात साखर विसरली होती. हौसाने तो तसाच, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

शाळेच्या व्हरांड्यात ती पहिली जाऊन बाकावर बसली. वाडीतली माणसं विहिरीपाशी घोळका करून उभी होती. आत कुणी येत नव्हतं, घरीही कुणी जात नव्हतं. विनोद एकेका घरी जाऊन आपणच आपलं सांगत फिरत होता, आणि कुत्री त्याच्यावर भुंकत होती.

मग ईशा आली. घोळक्याने तिला वाट दिली. ती हौसाच्याच बाकावर बसली, मधे एका माणसाची जागा सोडून. दोघींनीही त्या जागेकडे पाहिलं नाही.

नर्सबाईंनी हौसाचा पोलक्याची बाही वर सरकवली, देवीच्या वणांच्या खाली कापूस फिरवला. सुई गेली. हौसा सुईकडे बघत राहिली.

“दुखतं?” ईशाने समोर बघत विचारलं.

हौसाला ‘छे, मुंगी चावल्यासारखा’ म्हणता आलं असतं. इतकी वर्षं पोरांना ती तेच सांगत आली होती.

“दुखता,” ती म्हणाली. “रात्री हात जड होईल. तापपन येईल. मी येऊन बसू काय उशाशी?”

ईशाने बाही वर केली. विहिरीपाशी कुणीतरी कळशी खाली ठेवली, आणि घोळक्यातली एक बाई व्हरांड्याकडे चालू लागली. मग तिच्या मागे दुसरी.

मे महिन्यातल्या त्या दिवशी, बायका रांग सोडून गेल्यावर, उपकेंद्रात डोस उरले होते.