रिकामी गाडी

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला थापा वाटतील त्यानं खुशाल हसावं, पण मला अक्कल शिकवायला येऊ नये.

आणि यात काळोख, वादळ, रडणारी कुत्री असलं काही नाही. रविवारची दुपार. लख्ख ऊन. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आणि काचा लावून बंद केलेली मागची गॅलरी.

त्या गॅलरीत मेजर बसायचा.

मेजर हे नुसतं नाव. माणूस दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. पण युद्धाची पुस्तकं तोंडपाठ, आणि सुट्टी मिळाली की प्लास्टिकचे रणगाडे नि ट्रक जुळवत बसायचं. नाव बायकोनंच ठेवलेलं. "आमचे मेजर! झुरळ निघालं की खुर्चीवर चढतात."

या वेळी त्यानं लष्करी रुग्णवाहिका केली होती. तळहाताएवढी. चाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धात माघार घेताना एक पुलाजवळ जळाली होती, तिची नक्कल. आणि ती खरी गाडी चालवत होते त्याचे सासरे.

होय, खुद्द सासरे. त्याच घरात राहणारे. या शहाण्यानं त्यांना एका शब्दानं विचारलं नाही! सगळं त्या लढाईवरच्या एका पुस्तकातून उचललं. असली मॉडेलं करणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं, त्याआधी त्यांना चकित करायचं होतं म्हणे.

जेवायच्या वेळी गाडी त्यांच्यासमोर ठेवली. सासऱ्यांनी चष्मा लावला. गाडी फिरवून मागून पाहिली.

"मागची दारं उघडत नाहीत?"

"चिकटवलीत, बाबा. आत काही केलेलंच नाही. गाडी रिकामी होती ना. पुस्तकात आहे तसं."

"रिकामी?"

जावयाला कधी अरे-तुरे न करणारा माणूस... कडाडला.

"चौघे होते रे आत! जखमी! तोफेचा गोळा पडला, दाराची कडी वाकली. आतून ठोकत होते. मी पहार आणायला निघालो, तर साहेबानं कॉलर धरून ओढत नेलं मला. आणि नंतर त्यानं अहवालात लिहिलं, गाडी रिकामी. जखमींना टाकून पळालो असं लिहिलं असतं, तर त्याची बढती गेली असती!"

इथं मेजरनं तोंड बंद ठेवायचं ना? पण नाही.

"बाबा, या वयात आठवणींची सरमिसळ होते. पुस्तकातलं तपासून लिहिलेलं असतं."

सासरे ताटावरून उठले.

बायको तणतणली, "माझ्या बापाला खोटं ठरवतोस? एका खेळण्यापायी?"

"खेळणं नाही, मॉडेल आहे."

त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी बायको आणि सासरे सकाळीच तिच्या बहिणीकडे निघून गेले. घरात मेजर एकटा. राग नाकावर. चाकांना चिखलाचा रंग देत बसला होता.

टक.

गोंद वाळताना वाजतो कधी कधी. त्यानं लक्ष दिलं नाही.

टक... टक.

उंदीर असेल. त्यानं टेबलाखाली पाहिलं. काही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं... खालच्या रस्त्यावरचा आवाज बंद झाला होता. गाड्या नाहीत, पोरं नाहीत. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचीही घरघर नाही.

टक. टक. टक.

त्यानं गाडी उचलली. हातात नेहमीसारखीच हलकी.

आणि तळहाताला आतून धक्के बसले.

आता ते ठोकणं राहिलं नव्हतं. कुणीतरी मुठी आपटत होतं. खूप मुठी. एकमेकांवर पडणाऱ्या, घाईघाईच्या...

आणि एकदम थांबलं.

मेजर सांगतो, ठोकणं सहन झालं असतं. ते थांबलं, तिथं त्याची बोबडी वळली.

त्यानं पातं घेतलं आणि दारं कापली. घाईत अंगठा चिरला.

आत करडं प्लास्टिक असायला हवं होतं. रंग लावलाच नव्हता त्यानं.

आत सगळं काळं होतं. काजळी. आणि दाराच्या आतल्या अंगाला बारीक ओरखडे... वरपासून खालपर्यंत.

संध्याकाळी दोघं परत आली. मेजर दारातच सासऱ्यांच्या पाया पडला, गाडी पुढे केली. सासऱ्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही.

"चाळीस वर्षं तोंडानं सांगतोय. कुणी ऐकलं नाही. तू एका घरात राहून ऐकलं नाहीस. आणि आज प्लास्टिकनं सांगितलं, तर लगेच पटलं?"

मेजर गाडी घेऊन गॅलरीत गेला.

त्यानं बारीक तारेची बिजागरी करून दारं उघडी बसवली. समोरच्या कार्डावर लिहिलं : आत चार जखमी होते. प्रदर्शनाला सासऱ्यांना सोबत नेलं.

क्लबचे अध्यक्ष आले. मेजरनं वापरलेलं ते पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. कार्ड वाचून कपाळाला आठ्या.

"हे कुठून काढलंत? पुरावा?"

"गाडी चालवणारा माणूस समोर उभा आहे," मेजर म्हणाला.

अध्यक्षांनी सासऱ्यांकडे नजरही वळवली नाही. "ऐकीव गोष्टींवर इतिहास होत नाही. कार्ड बदला. आणि ही दारं बंद ठेवा, वाईट दिसतंय."

असं म्हणून त्यांनीच बोटानं दारं लावली.

भरलेला हॉल. पण सगळ्यांचे आवाज जणू कुणी पुसून टाकले...

टक. टक. टक.

अध्यक्षांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बोला ना अध्यक्षमहाराज!" सासरे ओरडले. "रिकामी आहे का? बोला!"

अध्यक्ष पांढरेफटक पडले. पाठ फिरवून निघून गेले.

ऐकलं होतं त्यांनी. शंभर टक्के ऐकलं होतं.

पुढे पुस्तकाची नवी आवृत्ती आली. मेजरनं घाईघाईनं पान काढलं. गाडी रिकामी होती. तेच वाक्य, तसंच्या तसं! सासऱ्यांना दाखवायची त्याला हिंमत झाली नाही.

संतापानं त्यानं पुस्तक धाडकन मिटलं.

पुठ्ठ्याला आतून धक्का बसला.

तेव्हापासून ते पुस्तक टेबलावर त्याच पानाशी उघडं पडलंय. मिटायला कुणी धजत नाही.