चारशे तेरावी नोंद

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांचं लिहिणाऱ्यांना मी आजवर रिकामटेकडे म्हणत आलो. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

रविवार होता. भर दुपारचे तीन. तिसऱ्या मजल्यावरची माझी भाड्याची खोली. मी एकटाच राहतो.

आमच्या मोठ्या काकांनी निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. अकरा वर्षं, एका बोटाने. काय दिवे लावले असतील ते सांगायला नको.

त्यांचा फोन आला. "अरे, छापलं की माणसं चारशे बारा भरतात. फाईल म्हणते चारशे तेरा. जरा बघतोस का, तुझं ते कोडबिड लावून?"

काकांचा हिशोब म्हणजे आनंदच. मी चार ओळींचा कोड लिहिला. ज्या नोंदीला आईवडील नाहीत, जोडीदार नाही, मुलं नाहीत, ती शोध.

एकच सापडली.

नाव नाही. मृत्यूची तारीख नाही. फक्त जन्मतारीख...

माझी.

म्हाताऱ्याने मलाच दोनदा लिहिलं, असं म्हणत मी ती उडवली. पुन्हा मोजणी केली.

चारशे तेरा.

नोंद परत तिथेच होती. आता तिला वडील होते...

माझेच वडील.

मागे खुर्ची करकरली...

खोलीत एकच खुर्ची आहे. तिच्यावर मी बसलो होतो.

आईला फोन लावला. खरं तर काकांच्या गाढवपणाची टर उडवायला. ती ऐकत राहिली.

"तुझ्याबरोबर एक होता," ती म्हणाली. "तो रडलाच नाही. तुझे बाबा आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. काकांनाही नाही."

मी ती नोंद पुन्हा उघडली.

"त्याची तारीख लिही रे. त्याच दिवसाची. तेवढं तरी त्याचं होऊ दे."

माझी मलाच लाज वाटली. कोडला सांगितलं, ही जन्मतारीख आणि हे वडील असलेली नोंद शोध, मृत्यूची तारीख भर.

भरली गेली... माझ्या नावापुढे.

शिकाऊसुद्धा करणार नाही अशी चूक. जन्मतारीख एक, वडील एक. कोड बिचारा पहिल्या माणसावरच थांबला. मी तारीख पुसली. या वेळी त्याची नोंद उघडून, त्याच्याच रकान्यात, हाताने टाईप केली.

फाईल बंद केली. उघडली.

माझ्या नावापुढे.

तीनदा केलं. तिन्ही वेळा मीच मेलेला.

चौथ्यांदा धीर झाला नाही. दोन्ही रकाने रिकामे सोडले. काकांच्या फाईलमध्ये रिकामा रकाना म्हणजे माणूस जिवंत.

आईला म्हटलं, भरली तारीख. ती रडली. बरं वाटलं म्हणाली.

याला दोन महिने झाले. आईला ती दुपार आठवत नाही. कसली नोंद, कसली तारीख, असं मलाच विचारते.

तिचा रोज फोन येतो. पूर्वी विचारायची, जेवलास का?

आता विचारते, "दोघं जेवलात का?"

मी हो म्हणतो. नाही म्हणून बघायची माझी छाती नाही.