आप्पिया रस्त्याचे अकरा दगड

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामानं, ऑत्तोरिनोनं, हे मला मान खाली घालून सांगितलं होतं.

१९६१ चा ऑगस्ट. इटलीतल्या फोंदी आणि इत्री या गावांमधली खिंड. दुपारचे दोन.

त्या खिंडीतून रोमन काळातला आप्पिया रस्ता जातो. काळ्या दगडांचा. दोन हजार वर्षं पावलं झेलून गुळगुळीत झालेला. मामा आणि त्याचा दोस्त एवारिस्तो तिथले राखणदार.

वसंतात त्यातले अकरा दगड गायब झाले होते.

ठपका एवारिस्तोवर आला. नोकरी गेली. बायकामुलांना मागे ठेवून बिचारा बेल्जियमच्या खाणीत गेला.

दगड मामाच्या अंगणात होते.

आणि मामा गप्प बसला होता.

त्या दुपारी तो एकटाच फेरीवर निघाला. झाडांवर किडे नुसते किर्र ओरडत होते.

अचानक ते थांबले...

मग मागून आवाज आला. खट... खट... खट...

खिळे ठोकलेल्या चपलांचा, जुन्या रोमन शिपायांच्या असायच्या तशा. एकाच्या नाही. शेकडो माणसांच्या.

मामानं वळून पाहिलं.

रस्ता रिकामा. धूळसुद्धा उडत नव्हती.

आवाज त्याच्या अंगावरून पुढे गेला... आणि दगड उपटलेल्या खड्ड्यापाशी थबकला.

मामा घराकडे धावत सुटला.

दारात मामी उभी. देल्फिनामामी. पांढरीफटक.

"एवढी माणसं कुठून आणलीस?"

"कोण माणसं?"

"अंगणात चालतायत! दिसत मात्र एकही नाही... ऑत्तोरिनो, खरं सांग. हे दगड विकतच घेतलेस ना?"

मामानं नकारार्थी मान हलवली.

"अरे, मी एवारिस्तोच्या बायकोला चोराची बायको म्हणाले! चर्चच्या दारात, चारचौघांत!"

संध्याकाळी दोघांनी गाढवगाडीतून दगड परत नेले. दुसऱ्या दिवशी मामानं साहेबापुढे सगळं कबूल केलं. एवारिस्तोला पत्र धाडलं.

ते न फोडताच परत आलं.

मामा म्हातारपणी थकल्यावर मी त्याला एकदा त्या रस्त्यावर घेऊन गेलो. चालता चालता त्यानं एकदम माझी बाही धरून मला कडेला ओढलं.

"काय झालं, मामा?"

"बाजूला हो. जाऊ दे त्यांना."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मामानं टोपी काढली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "गेले का?"

"कुठले जातात!" तो पुटपुटला. "एकेक जण थांबतो... माझ्या तोंडाकडे बघतो... मगच पुढे जातो."

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.

मलाही मान वर करायचा धीर झाला नाही.