गाण्यावरचं नाव

लाईट गेली की आमच्या घरातले सगळे गच्चीवर येतात, आणि नव्या सुनेलाही भांडी तशीच टाकून वर यायची मुभा मिळते. परवा यांचे मामा, इंद्रभानमामा, मुक्कामाला होते. माझ्या दोन्ही दिरांनी त्यांना घेरलं.

"हे उंद्रीतलं हाय," मामांनी आधीच सांगून टाकलं. "आपल्या संघर्षचं. झूट वाटलं तं त्यालेच फोन लावा."

"मामा, रेंज नाही."

"मंग आयक गुमान."

गेल्या वर्षीची तेरा एप्रिलची रात्र. सकाळी जयंतीची मिरवणूक. डीजेवाल्यासाठी पेन ड्राइव्ह भरून ठेवायचा, एवढंच संघर्षचं काम होतं. त्याचं मोबाईलचं दुकान. गाणी भरून देताना तो गायकाचं नाव पुसून दुकानाचं नाव आणि नंबर टाकायचा, गाण्यासोबत दिसणाऱ्या चित्राच्या जागी स्वतःचा गॉगलवाला फोटो. गाणं कुणाचंही असो, स्क्रीनवर संघर्षच.

त्यात एका म्हातारीची गाणी होती. बायांच्या गायन पार्टीत ती भीमगीतं म्हणायची, स्वतःच रचायची. आदल्या वर्षी जुनी कॅसेट तिनंच आणून दिली होती. "नाव तेवढं माहं राहू दे, बाप्पा." यानं सगळ्या गाण्यांवर एका झटक्यात दुकानाचं नाव चढवलं. डीजेला लांब गाणं चालत नाही म्हणून शेवटचं कडवंही कापलं. रचणाऱ्याचं नाव त्याच कडव्यात येतं. कॅसेट कचऱ्यात गेली.

पुढं एका हळदीत तिचं गाणं वाजलं. ती कौतुकानं म्हणाली, "हे म्या गायलं."

पोरांनी मोबाईल तिच्यासमोर धरला. "आजी, हे तं संघर्षदादाचं हाय! गॉगल पाय ना!"

ती दुकानात आली. तो म्हणाला, "उद्या करतो, आजी." असे बरेच उद्या झाले. जयंतीआधीच्या थंडीत ती वारली.

मामा थांबले. पाणी प्याले.

तर त्या रात्री... शटर अर्धं खाली. तपासायला म्हणून त्यानं तिचं गाणं लावलं. स्क्रीनवर नावाची जागा रिकामी. त्यानं दुकानाचं नाव टाकलं. सेव्ह केलं. रिकामी. परत टाकलं.

रिकामी.

गाणं कापल्या जागेपाशी आलं. संपलं नाही. शेवटचं कडवं सुरू झालं. जे कुठंच उरलं नव्हतं, ते.

आवाज नावापाशी आला... आणि थांबला. ढोलकी थांबली. टाळ्या थांबल्या. फक्त कुणीतरी श्वास घेत होतं.

वाट पाहत होतं.

संघर्षची बोटं कीबोर्डवर. काय लिहायचं? आजी... आजी एवढंच.

"नावच माहीत नव्हतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सूनबाई, गावात म्हाताऱ्या बाईले नावानं कोन हाक मारते?"

संघर्ष पळत तिच्या लेकीच्या दारात गेला. त्यानं हात उचलायच्या आतच लेकीनं, महामायानं दार उघडलं.

"ताई, आजीचं नाव..."

ती म्हणाली, "पंचफुला. आता इचारून राह्यला?"

तो परतला. दुकानात तोच श्वास. त्यानं एकेक अक्षर लिहिलं. पंचफुलाबाई. सेव्ह.

नाव राहिलं.

श्वास थांबला.

पहाटेपर्यंत बसून त्यानं तिच्या प्रत्येक गाण्यावर नाव टाकलं. चित्राला मात्र हात लावला नाही. तिचा फोटो कुणाकडं नव्हताच.

सकाळी डीजेवाला म्हणाला, "फोटो काऊन बदलला बे?"

संघर्षनं पाहिलं. गॉगल गेला होता. तिथं त्याच्याच दुकानाचा फोटो होता, काउंटरच्या बाहेरून काढलेला. एखाद्या बुटक्या, वाकलेल्या माणसाला दिसेल तसा. आत संघर्ष बसलेला. मान खाली, नजर हातातल्या मोबाईलमध्ये.

तिच्या सगळ्या गाण्यांवर. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. एकातही तो वर पाहत नाही.