पाण्यात सोडलेले केस

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, त्या लांब मातीच्या बांधावर, माघातलं धुकं उतरलं की माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. त्या सकाळी रचनाला आधी ऐकू आली ती काठी — लोखंडी जाळीवर घासणारी… खर्र… खर्र. मग दिसली एक पाठ. नहरीच्या गेटाशी वाकून कोणीतरी जाळीत अडकलेलं काहीतरी ओढत होतं. काठी वर आली आणि तिच्या टोकाला लोंबले ते केस. लांब, काळे, पाणी गळणारे बाईचे केस.

रचनाचा हात आपसूक डोक्यावरच्या स्कार्फकडे गेला.

"भेऊ नका," तो वळून म्हणाला. "खाली मुंडकं नाही. मी पाह्यलं."

"मी कायले भेऊ?"

"मग पाय काऊन थरथरून राहिले?"

"थंडी आहे."

"हो ना, थंडीच आहे," तो म्हणाला, आणि हसू लपवायला परत जाळीकडे वळला.

हा नीलेश. उन्हाळी धानाचं पाणी सुटलं की गेटावर रोजंदारीनं असायचा. चाक फिरवायचं, जाळी साफ ठेवायची. रचना खालच्या गावातली, गोरेगावच्या ऑनलाइन सेवा केंद्रात कामाला. तिची एसटी पाळीच्या टोकाला थांबायची. इतके दिवस दोघं एकमेकांना न बघता जात होती, आणि आज बघितलं तेही मध्ये हे असलं काहीतरी धरून.

"कोनाचे होय ते?" तिनं जमेल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"माहीत नाही. रोज येते मले भेटाले, पन तोंड नाही दाखवत. लाजरी असन."

एसटीचा हॉर्न वाजला आणि रचना पळाली. खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत. मग काय हातात धरून तो बोलत होता ते आठवलं, आणि हसू जिथल्या तिथं विरलं. कारण ते केस तिचेच होते.

दिवाळीच्या तोंडावर तिचे बाबा, सेवकराम, बांधीतच, धानाच्या खाचरातच, कोसळले होते. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर नुसते मान हलवत. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, रचना वॉर्डच्या खिडकीशी उभी राहिली आणि काचेपलीकडच्या अंधाराला म्हणाली, "जे न्यायचं ते माझ्याकडून ने. बाबांना सोड." हे ती कोणाला म्हणाली, तिलाच ठाऊक नव्हतं. तिच्या घरात दोन पिढ्या कोणी नवस बोललं नव्हतं. आई कुसुमबाई तर फुशारकीनं सांगायची, "आमच्या घरात आंगात फक्त ताप येते."

बाबा वाचले. घरी आले, जेवू लागले, भाजीत मीठ कमी म्हणून भांडूही लागले. सगळं सुरळीत झालं… आणि मग रचनाचे केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, न्हाणीच्या तोंडाशी, कधी भाताच्या घासातसुद्धा. भांग रुंदावत चालला. दवाखान्यातल्या त्या दिवसांत गळले असते तर तिनं समजून घेतलं असतं. पण आता, सुखाच्या दिवसांत?

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती एकच. त्या खिडकीपलीकडे कोणीतरी होतं. त्यानं ऐकलं होतं, आणि आता ते न्यायला आलं होतं.

मग ती रोज सांजेला गळलेले केस मुठीत घेऊन पाळीवर यायची. "घे," म्हणायची आणि पाण्यात सोडायची. वारा नसतानाही तिथलं पाणी हळूच हलायचं, असं तिला वाटायचं. एकदा ती गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी बाबांना ठसका लागला. तिची पाचावर धारण बसली, आणि पुन्हा नागा करायची तिची हिंमत झाली नाही. आईला सांगायची तर सोयच नव्हती. स्कार्फ घट्ट बांधायचा, सर्दी झाली म्हणायचं, एवढंच.

पण मन मोठं लबाड असतं. ज्या पाळीवर ती सांजेला भीत भीत जायची, तिथंच सकाळी बसच्या बरीच आधी पोचू लागली.

"आज लवकर?" नीलेश विचारायचा.

"बस चुकते."

"बस तर तुमच्यासाठी थांबते. मीच थांबवतो डायवरले."

"काऊन?"

"तुमी चढेपर्यंत… दिसता म्हनून."

रचनानं धुक्याकडे बघितलं, आणि धुकं अशा वेळी फार उपयोगी पडतं.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की गेटाचं चाकही दिसेना. "हात शेका," म्हणून नीलेशनं तिला गेटाशेजारच्या त्याच्या खोलीत बोलावलं. शेगडीवर हात धरून तिनं वर बघितलं, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी होती आणि दोरीवर ओळीनं केसांच्या जुड्या. प्रत्येक जुडीला पांढरा दोरा बांधलेला. दार उघडं होतं, वारा आला, आणि सगळ्या जुड्या एकदम तिच्याकडे वळल्यासारख्या झाल्या. तिचं डोकं तिच्याआधी इथं येऊन राहिलं होतं.

"हे… हे काऊन ठेवलं?"

"फेकवत नाही. कोनाचं तरी आहे ना." तो शेगडीतले निखारे सारखे करत होता. "जिचे एवढे केस जाते ते बिमार असन. नाही तर दुःखात असन. भेटली तर म्हनन, बाई, पान्याले काऊन देतं? डॉक्टरले दाखव."

"आणि ती माणूस नसली तर?"

"तरी दाखव म्हनन," नीलेश म्हणाला.

त्या शनिवारी रचना गोंदियाला गेली. त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी तिचे केस बोटांत धरून हलकेच ओढले, हातात आलेले भिंगाखाली बघितले आणि विचारलं, "तीन महिन्यांआधी घरात काय झालं होतं?"

रचना दचकली. असं तर देवऋषी विचारतात. पण तिनं सगळं सांगितलं, खिडकीसुद्धा. बाई हसल्या नाहीत.

"बेटा, कोणी काही नेलेलं नाही. मोठा धक्का बसला, ताण आला की पुष्कळसे केस एकदम वाढायचे थांबतात. पण गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस दुःख विसरलेला असतो, म्हणून घाबरतो. मुळं शाबूत आहेत. टक्कल नाही पडणार."

रक्त तपासलं, त्यात लोह बरंच कमी निघालं. गोळ्या मिळाल्या. अंडी, डाळ, पालेभाजी खायची, वेळेवर झोपायचं, मोबाईलवरच्या जाहिरातींची तेलं आणायची नाहीत, आणि स्कार्फ जरा सैल बांधायचा. सहा महिने धीर धरायचा. "ये देखो," म्हणत बाईंनी आरसा पुढे केला. कपाळाच्या कडेला बारीक, ताठ, नवी लव उभी होती. रचना तिथंच रडली.

सांजेला ती हलक्या पायांनी एसटीतून उतरली. आज मुठीत काही नव्हतं आणि पाणीही स्वस्थ होतं. गेटाशी मात्र नीलेश उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"उद्या सकाळी गाव जमून राहिलं इथं," तो म्हणाला. "मोठ्या मायले इचाराले."

मोठी माय म्हणजे चमेली, नीलेशच्या आईची थोरली बहीण. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गावातल्या बाळंतिणींना, लेकरांना मालिश करायची. कोणाचं डोकं दुखलं की हात लावायला तिलाच बोलवत. जाळीतून निसटलेले केस नहरीनं बांध्यांमध्ये गेले होते. रोवणी करताना चिखलात ते बायकांच्या बोटांना गुंडाळले आणि सुशिलाबाई किंचाळत बांधीबाहेर पळाली. मग गावाचं तोंड कोण धरणार? चमेली जिच्या डोक्याला हात लावते तिचे केस पाण्यात जातात, असं ठरलं. पंधरा दिवस तिला कोणी बोलावलं नव्हतं. दिवसभर गोरेगावात असणाऱ्या रचनाच्या कानावर यातलं काही आलं नव्हतं. आता तिनं गाव सोडावं म्हणत होते.

त्या रात्री रचनाला सगळं स्वच्छ दिसलं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. केस टाकणं थांबलं की पाण्यातले केसही थांबणार होते. पण तोवर चमेली गेलेली असती, आणि लोक म्हणाले असते, बघा, गेली आणि थांबलं. तो डाग मग मरेपर्यंत धुतला गेला नसता. आणि बोलायचं म्हणजे ते डोकं उघडं करायचं… सगळ्या गावापुढं. नीलेशपुढं.

सकाळी पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. धुक्यात नुसते आवाज होते. "कोनाचे केस होय, सांग," सुशिलाबाई म्हणत होती. चमेली जमिनीकडे बघत बसली होती, शांत. एसटी आली, हॉर्न वाजवून थांबली, आणि रचनाला न घेताच निघून गेली.

"माहे होय," रचना म्हणाली.

तिनं स्कार्फ सोडला. थंड हवा थेट कातडीला लागली. भांग बोटभर रुंद, कानांवर विरळ जाळी, मधूनच उघडं पांढरं डोकं. कोणीतरी श्वास आत ओढला. गर्दीत आई होती. तिच्याकडे बघितलं असतं तर रचना बोलू शकली नसती, म्हणून ती पाण्याकडे बघून बोलली. बाबांचं दुखणं, खिडकीतलं बोलणं, सांजेचं येणं, डॉक्टर, गोळ्या. "मीच पान्यात टाकत होती. यांचा हात कधी माह्या डोक्याले लागलाच नाही."

"आन् आमी कसं मानाव?" सुशिलाबाईचा आवाज आता जरा खाली आला होता.

रचना चमेलीपुढं जाऊन बसली आणि तिनं डोकं पुढं केलं. "लावा हात."

गाव बघत राहिलं. चमेलीचे खरखरीत हात त्या विरळ डोक्यावर टेकले आणि सावकाश फिरू लागले. काहीच झालं नाही. फक्त कुसुमबाई गर्दीतून वाट काढत आली आणि लेकीच्या बाजूला मातीत बसली. "मले काऊन नाही सांगतलं वो?" ती एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

माणसं एकेक करून पांगली. सुशिलाबाई जाता जाता थांबली. "चमेली, माह्या सुनेचा नववा चालू आहे… येजो," म्हणाली, आणि मान खाली घालून चालू लागली.

नीलेश गेटाशी होता. रचना उघड्या डोक्यानं तिथवर गेली. तिला वाटलं होतं की तो दुसरीकडे बघेल. तो तिच्याकडेच बघत होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. तुह्या खांद्यावर एक केस होता."

"माहीत होतं? आन् गावाले मोठ्या मायवर बोलू देलं?"

"मी सांगाले निघालो होतो. तिनंच धरलं मले. म्हने, पोरीची लाज आहे, ते सोताच सांगन. नाही सांगतलं तर मीच जातो गाव सोडून, माहं काय."

रचना त्याच्या शेजारी कठड्याला टेकली. खाली जाळीतून पाणी मोकळं वाहत होतं.

"रचना," नीलेश म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "माह्याशी लगन करशीन?"

"आत्ता विचारतं? असं डोकं पाहून?" ती हसली, पण डोळे भरले. "सहा महिने थांब. केस येऊ दे, मग इचार."

"मी केसायले नाही इचारून राहिलो," तो म्हणाला. "तुले इचारून राहिलो."

रचनानं त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्याचा हात उचलला आणि हलकेच आपल्या डोक्यावर ठेवला, जिथं सगळ्यात विरळ होतं तिथं.