नमुना क्रमांक सात

नंजुंडय्या म्हैसूरला आले, तेव्हा त्यांच्या हातात फाइल होती आणि चेहऱ्यावर तीस वर्षं कारखान्यांचा इन्स्पेक्टर राहिलेल्या माणसाला न शोभणारा ओशाळेपणा.

"चन्नपट्टणात चोरी झालीय," ते म्हणाले. "घोड्याची."

"जिवंत?" केशवण्णांनी विचारलं.

"लाकडी."

राजेश्वरी अर्स यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. शहरात खाजगी तपासाचं काम करणारी ही एकच बाई. केशवण्णा तिचे मदतनीस, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. प्रत्येक प्रश्न ते आधी चुकीचा विचारत, त्यामुळे बाईंना बरोबर प्रश्न लवकर सापडे.

हकिगत साधी होती. खेळण्यांच्या रंगांबद्दल सरकारचा नवा नियम आला होता. निवृत्तीनंतर नंजुंडय्या तिथल्या खेळणीवाल्यांच्या गल्लीत नियम मदत केंद्र चालवत. म्हणजे आधी ज्या नियमांनी ते लोकांना घाबरवत, तेच आता समजावून सांगत. त्यांनी अकरा कारखान्यांतून एकेक खेळणं गोळा केलं, पेटी बंद करून तपासणीला पाठवली. दहा पास झाली. सातवा नमुना, देवीरम्माचा पिवळा घोडा, नापास. रंगात शिसं.

"ती फक्त हळद वापरते. तिचं म्हणणं, समोरच्या खलीलने घोडा बदलला. पेटी बसवर त्यानेच पोचवली होती. भर रस्त्यात तिने त्याला चोर म्हटलं. आता सोमवारी पाचच्या आत नापास होण्याचं कारण लेखी द्यायचं, सोबत नवा नमुना. नाहीतर कारखाना बंद. चार बायका कामाला आहेत तिच्याकडे."

"आणि तुम्ही का अस्वस्थ?"

"पेटी रात्रभर माझ्या खोलीत होती. लोक माझ्याकडेही बघतायत."

"खलील काय म्हणतात?"

नंजुंडय्यांनी मान खाली घातली. "काल म्हणाला, हो, मीच बदलला."

"मग सुटलंच की!" केशवण्णा म्हणाले.

"गुन्हेगार स्वतः सांगतोय, तेव्हा जरा जपून," बाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

चन्नपट्टणातलं मदत केंद्र म्हणजे एक खोली. खिडकीत, थेट उन्हात, सरकारी परिपत्रकांचा गठ्ठा आणि तो उडू नये म्हणून वर एक पिवळा घोडा. केशवण्णांनी तो उचलून उलटा केला. पोटावर जाळून काढलेले तीन ठिपके होते.

"काय झळझळीत आहे! कालच केल्यासारखा."

"मरिस्वामीची खूण ती. देवीरम्माचा नवरा," नंजुंडय्या म्हणाले. "त्यानेच दिला होता, नऊ वर्षं झाली. नंतर वर्षभरात गेला बिचारा."

घोड्याखालचा कागद चहात बुडवल्यासारखा तपकिरी झाला होता. अक्षरं दिसत नव्हती. नियम बहुधा केव्हाच बदलला असावा.

बाईंनी तपासणीचा अहवाल मागितला.

"शेवटची ओळ इथे आहे, मॅडम."

"मी सगळा वाचते."

"सगळा? तीन पानं आहेत!"

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, पेटीवरची सहीची कागदी पट्टी अखंड मिळाली. खाली सातव्या नमुन्याचा फोटो, पोटाच्या बाजूने. बाईंनी तो केशवण्णांसमोर धरला.

"तीन ठिपके," ते म्हणाले. "म्हणजे... काय?"

"आधी देवीरम्मा."

देवीरम्माने त्यांना बसायला पाट दिला, पण स्वतः उभी राहिली. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र: या कारखान्यात केवळ हळदीचा पिवळा रंग. खाली इन्स्पेक्टर नंजुंडय्यांची सही. त्याखाली फळीवर फिकुटलेल्या बाहुल्या.

"या आजारी आहेत का?" केशवण्णांनी विचारलं.

"माझ्या हातच्या आहेत. हळद ऊन सोसत नाही, सार. गिऱ्हाईक तक्रार करतं. पण ह्यांच्या हातात काय होतं देव जाणे, ह्यांचा पिवळा कधी उतरला नाही."

"तपासणीला कुठला घोडा दिलात?"

"ह्यांच्या हातचा शेवटचा. चांगल्यातला चांगला द्या म्हणाले होते ना? आणि त्या खलील साबाने..." तिने पदर तोंडाशी नेला.

समोर खलील साब पानाला चुना लावत बसले होते. लाकूड कातायचा चरक बंद होता. चार दिवसांत गल्लीतलं कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं.

"घोडा कसा बदललात?"

"सील फोडलं, बदलला, परत लावलं."

"सील कसलं होतं?"

"लाखेचं. खेळणी लाखेने रंगवणाऱ्या आमच्या गल्लीत दुसरं काय असणार?"

बाईंनी मान डोलावली. "तुमची चुन्याची डबी जरा देता?"

"मॅडम पान खातात?" केशवण्णा पुटपुटले.

तासाभराने सगळे मदत केंद्रात जमले. टेबलावर देवीरम्माची एक बाहुली, दोन बशा, पॉलिशचं स्पिरिट आणि चुन्याची डबी.

"साब खोटं बोलतात," बाईंनी सुरुवात केली. "सील लाखेचं नव्हतंच, कागदी पट्टी होती आणि ती अखंड होती. फोटोतल्या घोड्याच्या पोटावर मरिस्वामींची खूण आहे. देवीरम्मा, तुम्ही दिलात तोच घोडा तपासला गेला. कोणी काही बदललं नाही."

"मग शिसं कुठून आलं?" देवीरम्माचा आवाज चढला.

बाईंनी तिच्या बाहुलीचा रंग एका बशीत खरवडला, नंजुंडय्यांच्या घोड्याचा दुसरीत. लाख विरघळावी म्हणून दोन्हींवर स्पिरिट ओतलं. "कुंकू कसं करतात?"

"हळदीत चुना घातला की..." देवीरम्मा थांबली.

चुना पडताच पहिली बशी लाल झाली. दुसरी पिवळीच राहिली.

केशवण्णांनी दुसऱ्या बशीत आणखी चिमूटभर चुना टाकून पाहिला.

"उन्हात बसून कागद करपला, घोडा नाही," बाई म्हणाल्या. "ही हळद नव्हतीच. बाजारचा रंग होता. साब, तुम्हाला ठाऊक होतं."

खलील साब जमिनीकडे बघत होते. "बेंगळुरूहून दोघं मिळून आणायचो. तेव्हा सगळेच वापरायचे, नियम नव्हता. फक्त त्याला ती चौकट मिळाली, मग खरं सांगायची सोय राहिली नाही. मला चोर म्हटलं तर मी जिवंत आहे, सोसेन. त्याला कोण काय उत्तर देणार?"

"आणि चौकट कोणी दिली?" बाईंनी हळूच विचारलं.

नंजुंडय्यांचे कान लाल झाले. चुन्याशिवाय.

"मी तपासलं नव्हतं," ते म्हणाले. "त्याने नातवासाठी म्हणून घोडा दिला. मी सही केली. नातू तेव्हा झालाही नव्हता."

त्यांनी अर्ज पुढे ओढला. 'कारण' या शब्दापुढे दोन ओळींची जागा होती. त्यांनी लिहिलं: नऊ वर्षांपूर्वी मी न तपासता प्रमाणपत्र दिले, देवीरम्मा त्यावर विसंबून राहिल्या. जागा संपली. त्यांनी पुरवणी कागद घेतला, आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि घोड्याबद्दलही लिहिलं. मग आयुष्यात प्रथमच अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि खोट्या माहितीला शिक्षा सांगणाऱ्या कलमाखाली सही केली.

देवीरम्माने घरी जाऊन चौकट उतरवली. भिंतीवर तेवढाच चौकोन जुन्या, गडद निळ्या रंगाचा राहिला होता. आजच केलेली एक पिवळी बाहुली तिने नंजुंडय्यांच्या हातात दिली आणि भर दुपारी गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चरक एकेक करून थांबले.

"चोर मी रस्त्यात म्हटलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "तर हेही रस्त्यातच. खलील अण्णा, तुम्ही चोर नाही. खोटं आमच्या घरात होतं."

ती तिथेच उन्हात उभी राहिली. सगळी गल्ली पायांकडे बघत होती, स्वतःच्या.

खलील साब उंबऱ्यावर आले.

"अक्का, आत या," ते म्हणाले. "हळदीची माणसं तुम्ही. उन्हात उभं राहू नका."