शंभर टक्क्यांची फुंकणी

येळवडे गावच्या आरोग्य केंद्राच्या दाराशी श्वासपारखी नावाचं यंत्र बसवलं होतं. त्याच्या नळीत दमदार फुंकर मारली की श्वासातले सूक्ष्म वायू तपासून ते तोंडापासून फुप्फुसापर्यंतच्या कर्करोगाची चाहूल लक्षणांच्या आधीच सांगे. पण इतकं भारदस्त नाव गावाच्या तोंडी कुठलं बसायला! चुलीपुढची फुंकणी सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून हीही फुंकणीच. ‘फुंकून आलीस का?’ असं बायका एकमेकींना सहज विचारत.

आज केंद्राचा सत्कार होता. पात्र व्यक्तींपैकी शंभर टक्के लोकांची तपासणी पूर्ण करणारं हे जिल्ह्यातलं पहिलं केंद्र. हा निकष ठरवणाऱ्या समितीत केंद्राची प्रमुख डॉ. संयोगिता शेवाळे स्वतः होती, त्यामुळे बाईसाहेब सकाळपासून हवेत होत्या.

मांडवात जाण्याआधी तिने आत्तीला आपल्या खोलीत बोलावलं आणि चिवड्याची बशी पुढे केली. आई गेल्यावर याच आत्तीने तिला वाढवलं होतं. आत्तीने एक घास घेतला. लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने बशी बाजूला सारली.

“नगं बाई. तिखटानं तोंड पोळतंय.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपास्नं.”

संयोगिताने बॅटरी लावून तोंडात पाहिलं. गालाच्या आत पांढरा, कडक चट्टा आणि मधोमध जखम.

“आत्ती, तू फुंकलं नव्हतंस का?”

“फुंकलं की! पयल्यांदा फुंकणी म्हनली, परत या. परत गेले, तर म्हनली, तुमाला तपासणीची गरज न्हाई. म्या म्हटलं, बरं झालं, आपन ठणठणीत.”

संयोगिता धावतच यंत्रापाशी गेली. “कृष्णाबाई मोहिते. यांची तपासणी का केली नाहीस?”

“त्या अपात्र आहेत,” फुंकणी नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली. “दातांना मिश्री लावणाऱ्यांच्या श्वासात तंबाखूचा दर्प मिसळतो आणि नमुना वाया जातो. अपूर्ण तपासण्यांमुळे केंद्राची टक्केवारी घटत होती. म्हणून मिश्री लावणाऱ्या सगळ्यांना वगळलं आहे.”

“सगळ्यांना? अगं, तोंडाचा कर्करोग त्यांनाच आधी गाठतो!”

“निकषात तसा उल्लेख नाही. त्यांना पुन्हा पात्र धरलं तर आजचा आकडा खाली येईल. धरू का?”

तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? कोण पात्र ते यंत्रच ठरवेल, या वाक्यावर समितीत कुणी क्षणभरही अडलं नव्हतं. तीही नाही.

“धर,” ती म्हणाली. “एकूण एकीला.”

मांडवात पाहुणे शाल-नारळ घेऊन उभे होते. तिने तिकडे पाहिलंही नाही, थेट माईक हातात घेतला.

“सकाळी मिश्री कोण कोण लावतं?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. भर सभेत हे काय विचारणं! मग मांडवात आलेल्या आत्तीने हात वर केला. तिच्या मागोमाग ओळीच्या ओळी हात वर झाले.

“तिखटानं ज्यांचं तोंड पोळत नाही, त्यांनी हात खाली घ्या.”

हसणं थांबलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हात तसेच वर होते.

आता तरी काही खाली येतील ना?